दाखल्याचे कुंपण

मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "मूळचे कुठले?" मी "पांढुर्णा" म्हणतो. विदर्भातला माणूस असेल तर लगेच "अरे, गोटमारवाले!" म्हणून हसतो. पुण्या-मुंबईचा असेल तर क्षणभर थांबतो आणि विचारतो, "म्हणजे मध्य प्रदेश ना? मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चहा संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून आजवर टाळत आलो. यंदा अंकासाठी काहीतरी लिही असा आग्रह झाला तेव्हा वाटले, तेच लिहावे.

आधी गोटमारीचे सांगून टाकतो, नाहीतर वाचकांचे लक्ष तिकडेच राहील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि तो कोण काढतो यासाठी दोन्हीकडून दगड चालतात. माणसे जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. प्रशासन दरवर्षी बंदी आदेश काढते आणि दरवर्षी अ‍ॅम्ब्युलन्सही तयार ठेवते. शेवटी झेंडा चंडी मातेच्या देवळात जातो, संध्याकाळी दोन्ही काठांची माणसे एकमेकांकडे जेवायला जातात. मला हा प्रकार कधीच आवडला नाही. पण आमच्या गावाला 'सीमा' म्हटले की लोकांना ही नदी आठवते. खरी सीमा तिथून थोडी दक्षिणेला आहे, तिथे दगड चालत नाहीत आणि त्यामुळे तिची बातमीही होत नाही.

ती सीमा आखली गेली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्याआधी पांढुर्णा, सौंसर, सावनेर, काटोल, नागपूर हे सगळे एकाच राज्यात होते. त्या राज्याचे नाव १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि त्यानंतर मध्य प्रदेश. राजधानी नागपूर. हायकोर्टही नागपुरातच. सौंसरहून नागपूर साधारण सत्तर किलोमीटर, सकाळी निघालेला माणूस काम उरकून संध्याकाळी घरी येई. त्याच्याही मागे गेलो तर नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने. देवगड आमच्या छिंदवाड्याकडचे. म्हणजे नागपूरकर मंडळींनी आम्हाला 'बाहेरचे' म्हणावे यात थोडी गंमत आहे.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते, ते झाले नाही. आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. सौंसर तहसील मराठी बोलणारी, पण ती छिंदवाडा जिल्ह्यात होती आणि त्या जिल्ह्याचा बाकीचा भाग हिंदी आणि गोंडी बोलणारा. आयोगाने साधारणपणे जिल्हा हे एकक धरले. एखाद्या जिल्ह्याची एक तहसील वेगळ्या भाषेची असेल तर ती उचलून शेजारच्या राज्याला जोडायची, असे सर्रास केले तर काम कधीच संपणार नाही, हा त्यामागचा व्यवहार मला कळतो. मी डेटाबेसचे काम करतो. एका टेबलातून दुसऱ्यात माहिती हलवताना कुठल्या पातळीवर कापायचे हे ठरवावे लागते आणि जिथे कापाल तिथे काही ओळी अनाथ होतात. आमची तहसील ही तशी ओळ. तेव्हा पांढुर्णा सौंसर तहसिलीतच होते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेसाठी नागपूरला गेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली ती त्या वेळच्या मध्य प्रदेशच्या राजधानीत. आबाजींच्या दृष्टीने ते आपल्या राज्याच्या राजधानीत जाऊन आले. अठराव्या दिवशी तीच जागा दुसऱ्या राज्यात गेली. त्यानंतर आमची राजधानी भोपाळ, तीनशे किलोमीटरच्या घरात, आणि हायकोर्ट जबलपूर. आजीला कोणी "तुमी एमपीत कवा आले?" असे विचारले की ती चिडायची. "आमी कुठीच नाई गेलो बापा, रेघ गेली इकडून तिकडं," म्हणायची.

रेघ हलवताना तिथल्या लोकांना विचारावे लागते का? नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. राष्ट्रपतींनी संबंधित विधानसभेचे मत मागवायचे, एवढीच अट. ते मत मानलेच पाहिजे असे नाही. नागपूरचे कामगार पुढारी बाबूलाल पराते यांनी याच पुनर्रचनेला आव्हान दिले होते. विधेयक विधानसभेपुढे आले तेव्हा त्यात वेगळे तीन घटक होते आणि संसदेने संमत केले ते एक मोठे द्विभाषिक राज्य, तर विधानसभेला पुन्हा विचारायला नको का, असा त्यांचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो फेटाळला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने आमची सीमा पूर्ण वैध आहे, त्यात वादाला जागा नाही. बेळगावबाबत महाराष्ट्राने २००४ मध्ये कर्नाटकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तसे आमच्याबाबत काही नाही.

या 'वाद नसण्या'चा फटका मला बारावीनंतर बसला. घरात, गल्लीत, बाजारात मराठी. बाबा चौथीपर्यंत मराठीत शिकले, माझ्या वेळेला शाळा हिंदी झाली होती. अभियांत्रिकीला नागपूरला जावे ही घरच्यांची इच्छा, आत्याचे घर जवळ, खानावळीचा खर्च नाही. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत एक चांगली तरतूद आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना महाराष्ट्राचेच उमेदवार मानतात. मी ती ओळ वाचून खूश झालो होतो. बाबांनी पुन्हा वाचली आणि म्हणाले, "हे बेळगाववाल्याईसाठी आहे. आपला सीमाभाग वादात नाही." मग भोपाळला गेलो, तिथून बी.ई. केले, आणि आता बंगळुरात नोकरी करतो. माझे काही वाईट झाले नाही. पण एखाद्या मराठी मुलाला मराठी राज्यात जागा मिळण्यासाठी त्याचे गाव भांडणात असावे लागते, हे मात्र विचित्र आहे.

रोजच्या व्यवहारात ही सीमा दिसतच नाही, हेही सांगितले पाहिजे. सौंसर-पांढुर्ण्याची संत्री कळमन्याच्या बाजारात जातात आणि नागपुरी म्हणून विकली जातात. लग्ने इकडून तिकडे होतात. जामसावळीच्या हनुमानाला नागपूरची अर्धी गर्दी. पूर्वी ट्रकवाल्यांना मात्र सीमा चांगलीच दिसायची, विक्रीकराचा नाका, परिवहनाचा नाका, रात्रभराच्या रांगा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करनाक्यांचे काम संपले. १ जुलै २०२४ ला मध्य प्रदेशाने परिवहनाचे नाकेही बंद केले. मालाच्या वाटेतले अडथळे असे एकेक करून दूर झाले. संविधानाचा ३०१ वा अनुच्छेद देशभर व्यापार मुक्त राहील असे म्हणतो, आणि व्यापाऱ्यांनी, वाहतूकदारांनी त्यासाठी पन्नास वर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. माणसांसाठी तेवढ्या कोणी केल्या नाहीत.

माणसांसाठी ही सीमा पहिल्यांदा डोळ्यांना दिसली ती २०२० मध्ये. टाळेबंदीत रस्त्यावर बॅरिकेड आले, पलीकडे एका राज्याचे पोलीस, अलीकडे दुसऱ्याचे. माझे मोठे बाबा एप्रिलमध्ये पांढुर्ण्यात वारले. करोनाने नव्हे, हृदयविकाराने. आत्या नरखेड तालुक्यात, वीसेक किलोमीटरवर. तिच्या मुलाने मोटारसायकलवर तिला नाक्यापर्यंत आणले. पास नव्हता. पास काढायला जिल्ह्याचे नाव निवडायचे होते आणि अर्ज दोन राज्यांच्या दोन पोर्टलवर. मी बंगळुरात लॅपटॉप घेऊन ते करायला बसलो होतो. सॉफ्टवेअरचा माणूस असून तासाभरात मला जमले नाही. आत्याने भावाचे शेवटचे दर्शन नाक्यावरच्या झाडाखाली बसून मोबाइलवर घेतले. नाक्यावरच्या माणसाने तिला पाणी दिले, खुर्ची दिली, सोडले मात्र नाही. त्याला दोष देत नाही, त्याच्याकडे तसा आदेश होता. पुढच्या वर्षी २० मार्चपासून मध्य प्रदेशाने महाराष्ट्राकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी बस थांबवल्या आणि ती बंदी वाढत गेली. आमच्याकडे मोठे आजारपण म्हणजे नागपूर, हे तीन पिढ्यांचे गणित. ज्यांच्याकडे गाडी होती ते गेले.

त्या दिवसांत मी भिंतींबद्दल वाचायला लागलो. सुरुवात झाली कासरगोडपासून, कारण मी कर्नाटकात होतो आणि बातम्या तिथल्याच येत होत्या. कासरगोड केरळात आहे, पण तिथली माणसे दवाखान्याला मंगळुरूला जातात, जसे आम्ही नागपूरला. योगायोग असा की तोही एके काळचा वादग्रस्त भाग. बेळगावसाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग कर्नाटकाला द्यावा असे सुचवले होते, केरळाने ते मानले नाही. मार्च २०२० च्या अखेरीस कर्नाटकाने सीमेवरच्या रस्त्यांवर मातीचे ढिगारे टाकले. बॅरिकेड नाही, चक्क माती. अ‍ॅम्ब्युलन्स अडल्या, उपचार न मिळाल्याने रुग्ण दगावल्याची तक्रार केरळाने केली. वकिलांची संघटना केरळ उच्च न्यायालयात गेली आणि १ एप्रिलला न्यायालयाने आदेश दिला की राष्ट्रीय महामार्गावरचे अडथळे केंद्र सरकारने हटवावेत. आधार दोन, देशात कुठेही फिरण्याचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ आणि जगण्याचा हक्क देणारा २१. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि आठवडाभरात तातडीच्या रुग्णांना सोडण्याची पद्धत ठरली. साथ थांबवण्यासाठी माणसे अडवावी लागतात हे कोणीच नाकारले नाही. प्रश्न एवढाच होता की अडवताना दवाखान्याची वाट तरी शिल्लक ठेवली का.

तिथून मी जगातल्या सगळ्यात गाजलेल्या भिंतीकडे गेलो, इस्रायलने वेस्ट बँकमध्ये उभारलेल्या. इथे एक गोष्ट आधीच सांगतो. त्या लोकांचे हाल आणि आमच्याकडची गैरसोय एका तागडीत घालण्याचा माझा अजिबात विचार नाही. तिथे परकीय सैन्याचा ताबा आहे, इथे एकाच देशाची दोन राज्ये. पण कायदा कुठल्या प्रश्नांतून विचार करतो, ते पाहण्यासाठी ते निकाल मला उपयोगी पडले.

२००४ च्या उन्हाळ्यात नऊ दिवसांच्या अंतराने दोन न्यायालयांनी त्या भिंतीबद्दल मत दिले. ३० जूनला इस्रायलच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने, बेत सुरीक या गावाच्या प्रकरणात. आणि ९ जुलैला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारलेल्या प्रश्नावर. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चौदा विरुद्ध एक मताने म्हटले की ताब्यातल्या प्रदेशात ही भिंत बांधणे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे. पाडा आणि नुकसान भरून द्या. त्या न्यायालयासाठी मुख्य मुद्दा जमिनीचा होता. आपल्या हद्दीत कुंपण घालणे वेगळे आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरून घालणे वेगळे. इस्रायलचे म्हणणे होते की आत्मघातकी हल्ले थांबवायला हे लागते, आणि ते हल्ले खरेच होत होते. न्यायालयाला मात्र त्या मार्गावरून भिंत नेण्याची गरज पटली नाही.

इस्रायली न्यायालयाने जमिनीचा मोठा प्रश्न बाजूला ठेवला आणि एक साधा हिशोब मांडला. सुरक्षेचा फायदा किती, आणि ज्याचे घर एकीकडे व शेत दुसरीकडे पडले त्याचे नुकसान किती? दुसरा मार्ग घेतला तर सुरक्षा थोडी कमी होईल पण नुकसान खूप कमी होईल, असे आहे का? समोर होता साधारण चाळीस किलोमीटरचा टप्पा, त्यातला तीसेक किलोमीटरचा मार्ग या हिशोबात बसला नाही आणि रद्द झाला.

या दोन्ही निकालांत एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली, ती म्हणजे फाटक. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या मतात कल्किल्या नावाच्या चाळीस हजार वस्तीच्या गावाचा उल्लेख आहे. चारही बाजूंनी भिंत, आत-बाहेर जायला लष्कराचे एकच नाके, सकाळी सात ते संध्याकाळी सात. भिंत आणि जुन्या सीमारेषेच्या मध्ये जे राहत होते, त्यांना स्वतःच्याच घरात राहायला परवाना काढावा लागत होता. शेतकऱ्याला ऑलिव्हच्या बागेत जायला परवाना. भिंत तर निर्जीव, ती कोणाचे नाव विचारत नाही. फाटकावर बसलेला माणूस विचारतो, आणि तो विचारतो ते कागदावर काय लिहिले आहे. आपल्याकडे बांगलादेशाच्या सीमेवरही हेच आहे. कुंपण प्रत्यक्ष रेषेपासून दीडशे यार्ड आत घालायचे असा दोन्ही देशांचा संकेत, त्यामुळे भारतातलीच काही घरे आणि शेते कुंपणाच्या पलीकडे पडली. ते लोक भारतीय, जमीन भारताची, पण फाटक उघडेल तेव्हा ये-जा करायची.

म्हणून मला वाटते, कुंपण वैध की अवैध हे ठरल्यावर काम अर्धेच होते. आमच्या सीमेबाबत पहिला प्रश्न १९५९ मध्येच सुटला. दुसरा, फाटकावरचा प्रश्न, अजून रोज पडतो. आमच्याकडे भिंत नाही, तार नाही, आता नाकेही नाहीत, पण फाटक आहे आणि ते सरकारी टेबलावर आहे.

माझे काका १९७८ मध्ये नोकरीसाठी नागपूरला गेले आणि तिथेच राहिले. त्यांची मुले तिथली, नातवंडे तिथली. त्यांच्या नातीने, म्हणजे माझ्या पुतणीने, बारावीनंतर जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. आम्ही पूर्वाश्रमीचे महार, आता बौद्ध, दोन्ही राज्यांत अनुसूचित जातीत. तिच्याकडे पणजोबांचा, म्हणजे आमच्या आबाजींचा, शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा होता, १९३० च्या दशकातला, जातीच्या नोंदीसह. पुरावा उत्तम. पण शाळा पांढुर्ण्याची. टेबलापलीकडून सांगण्यात आले, "हे तर परराज्यातलं. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा महाराष्ट्रातला रहिवासी पुरावा आणा."

१० ऑगस्ट १९५० ही अनुसूचित जातींच्या पहिल्या यादीची तारीख. आता गंमत पाहा. त्या दिवशी महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते. नागपूर मध्य प्रदेशात होते. पांढुर्णाही मध्य प्रदेशात होते. दोन्ही ठिकाणी एकाच राज्याची एकच यादी लागू होती. आबाजी त्या तारखेला त्याच राज्यात राहत होते ज्या राज्यात त्या दिवशी नागपूर होते. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आजचा नकाशा होता आणि तो त्याने १९५० वर ठेवला.

बरे, मध्य प्रदेशात जावे तर तिथे 'मूल निवासी' प्रमाणपत्र लागते. ती नागपुरात जन्मली, नागपुरात शिकली, तिथली मूल निवासी ती होणार कशी? एका फाटकावर तिचे पणजोबा आडवे येतात आणि दुसऱ्या फाटकावर ती स्वतः.

टेबलामागच्या लोकांकडे कायद्याचा आधार नाही असे नाही. अनुच्छेद ३४१ आणि ३४२ प्रमाणे याद्या राज्यानुसार असतात. आंध्रातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये सांगितले की एका राज्यातला दर्जा घेऊन दुसऱ्या राज्यात जाता येत नाही, कारण मागासलेपण त्या-त्या ठिकाणच्या परिस्थितीशी बांधलेले असते. २०१८ मध्ये पुन्हा पाच न्यायमूर्तींनी तेच म्हटले. यामागचा विचार मला मान्य आहे. नाहीतर ज्या राज्यात सोयी जास्त तिथे सगळे अर्ज करतील आणि तिथल्या गरिबाची जागा जाईल.

पण तो विचार 'जाणाऱ्या' माणसाचा आहे. रेघच हलली तर काय, हा प्रश्न वेगळा, आणि तो सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तो चक्क पांढुर्ण्यामुळेच. मूळ पांढुर्ण्याच्या, महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या एका हलबा कर्मचाऱ्याच्या जमातीच्या दाखल्याचे ते प्रकरण, निकाल २००३ चा. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा की एका राज्याची यादी दुसऱ्या राज्यात चालत नाही ही एक गोष्ट, आणि एकच प्रदेश पुनर्रचनेत दोन तुकडे झाला असताना दोन्हीकडे मान्यता असलेल्या जमातीच्या माणसाचा लाभ जावा ही दुसरी गोष्ट. छिंदवाडा जिल्ह्यातले पांढुर्णा आणि पलीकडचा भाग पूर्वी एकत्र होते, याची सखोल तपासणी झाली पाहिजे असे सांगून प्रकरण फेरविचारासाठी गेले. आमच्या गावाचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे हे मला पस्तिशीत कळले. शाळेत कोणी सांगितले नव्हते. तिथे गोटमारीवर निबंध असायचा.

ऑगस्ट २०२१ मध्ये बिहार-झारखंडचा निकाल आला. झारखंडात जन्मलेल्या आणि तिथेच नोकरी करणाऱ्या एका शिक्षकाच्या सेवापुस्तकात मूळ जिल्हा म्हणून पाटणा लिहिले होते, एवढ्यावरून त्याची नागरी सेवेतली निवड अडवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला. विभागलेल्या राज्याच्या अशा माणसाला दोनपैकी कुठल्याही एका राज्यात लाभ घेता येईल, दोन्हीकडे एकाच वेळी नाही. त्या निकालाला बिहार पुनर्रचना कायद्यातल्या कलमाचा आधार होता आणि तो सरसकट सगळ्यांना लागू नाही, नुसता परराज्यातून परीक्षेला येणारा त्यात बसत नाही. पण 'दोनपैकी एक, नक्की एक' हे सूत्र आमच्यासारख्यांना पुरेसे आहे. आमच्या पोरांना दोन्ही राज्यांचे लाभ नकोत. एकाचेही मिळत नाहीत, अडचण ती आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. छिंदवाड्याच्या फेऱ्या वाचतील म्हणून लोक खूश आहेत, मीही आहे. पण त्यातून एक नवीन घोळ संभवतो. जुन्या कागदांवर जिल्हा छिंदवाडा, तहसील सौंसर असेल, नव्यावर जिल्हा पांढुर्णा. आधी राज्य बदलले, आता जिल्हा. तपासणाऱ्याला हे आधीच लिहून दिलेले बरे.

या मंडळात आणि आपल्या वाचकांत सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर, बालाघाटकडची बरीच कुटुंबे आहेत, म्हणून आमच्या धावपळीतून हाती लागलेले सांगतो. १९५० पूर्वीचा शाळेचा दाखल-खारिज उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जमीन असेल तर मिसल बंदोबस्ताची नक्कल, यांच्या प्रमाणित प्रती घरातले मोठे माणूस हयात आहे तोवर काढून ठेवा. गावाचे जुने स्पेलिंग आणि आडनावाचे हिंदी रूप त्यांनाच ठाऊक असते. आमच्या उताऱ्यात आबाजींच्या वडिलांचे नाव हिंदी पद्धतीने लिहिले होते, ते बाबांनी ओळखले. मला ओळखू आले नसते. प्रत्येक कागदासोबत एक पानाचे निवेदन जोडा की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे गाव आणि नागपूर एकाच राज्यात होते. आम्ही राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ ची संबंधित पाने आणि २००३ च्या निकालाची प्रत जोडली.

पुतणीचे पहिले वर्ष खुल्या वर्गाची फी भरून गेले. काकांनी त्यासाठी मुदत ठेव मोडली. अर्जावर फेरसुनावणी आहे. मागच्या महिन्यात बाबा आणि काका, दोघे सत्तरीच्या आसपासचे भाऊ, छिंदवाड्याच्या रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस बसून आले. मिसल सापडली. तिच्यावर शिक्का आहे तो मध्य प्रांताचा, आणि खाली राजधानीचे नाव नागपूर.